प्लॅटफॉर्म तीन, माप एकच

५ जानेवारी, सोमवार

काम मिळालं! पंप कंपनीने प्रसिद्धी विभाग गुंडाळून मला घरी बसवलं त्याला साडेचार महिने झाले. एवढ्या काळात मी कपाटातली पुस्तकं एकदा उंचीप्रमाणे आणि एकदा रंगाप्रमाणे लावली. बायकोच्या दोऱ्याच्या रिळांनाही शिस्त लावायला गेलो होतो, पण दुसऱ्या दिवशी त्या कपाटाला कुलूप दिसलं.

सकाळी अकराला फोन आला. तंत्रनिकेतनात गणित शिकवणारे एक गृहस्थ बोलत होते. त्यांना सगळे मास्तर म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणणार. त्यांनी आणि त्यांच्या काही मित्रमंडळींनी शिंप्यांसाठी कॉम्प्युटरचा एक प्रोग्रॅम बनवलाय. नाव ‘बेतणी’. छाती, खांदा, बाही अशी मापं भरायची की कॉम्प्युटर कटिंग आखून देतो. ते खऱ्या मापात कागदावर छापायचं, पानं चिकटवायची, कापडावर ठेवायची आणि कात्री चालवायची. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात शिंप्यांचं मोठं प्रदर्शन आहे. तिथे वाटायला पत्रक हवंय.

“ओपन सोर्स आहे आणि सगळ्या प्लॅटफॉर्मवर चालतं,” मास्तर म्हणाले. “हे दुसरं जरा ठसवायचंय.”

माझं नाव कुठे कळलं असं मी विचारलं. ते “घरूनच” की काहीतरी म्हणाले. लाइन खराब असावी. पण पंपांची पत्रकं कुठवर पोचली होती पहा. चांगलं लिहिलेलं माणसं विसरत नाहीत.

बायकोला बातमी दिली. ती बाहेरच्या खोलीत मशीनवर एक फ्रॉक शिवत होती. “हो का? बरं झालं,” एवढंच म्हणाली. पायडलवरचा पायसुद्धा थांबला नाही. मला जरा जास्त आश्चर्याची अपेक्षा होती.

६ जानेवारी, मंगळवार

सकाळपासून बसून मुखपृष्ठ रचलं. एक झोकदार आगगाडी, चार फलाट, प्रत्येक फलाटावर एकेक शिंपी गळ्यात टेप घालून उभा. वर ओळ:

कोणत्याही फलाटावर या, गाडी तीच!!!

तीन उद्गारचिन्हं हा माझा पंपांच्या काळापासूनचा शिरस्ता आहे. एकाने उत्साह दिसतो, दोनांनी खात्री पटते, तिसरं सवयीचं.

९ जानेवारी, शुक्रवार

तंत्रनिकेतनात गेलो. दुसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळेच्या कडेला एक खोली आहे. तिथे मास्तर आणि त्यांच्या सहकारी बाई भेटल्या. प्रोग्रॅमचा बराचसा भाग या बाईंनी लिहिलाय. वय पस्तिशीचं, आवाज हळू आणि हातात सतत पेन्सिल. मी आगगाडी टेबलावर ठेवली. दोघेही बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

“गाडी छान आहे,” अखेर मास्तर म्हणाले.

मग त्यांनी समजावलं. इथे प्लॅटफॉर्म म्हणजे कॉम्प्युटर ज्यावर चालतो ती व्यवस्था. कुणाकडे विंडोज असतं, कुणाकडे मॅक, कुणाकडे लिनक्स. एकासाठी बनवलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर सहसा चालत नाही. ‘बेतणी’ तिन्हींवर चालते. मी म्हणालो, ते मला ठाऊकच होतं, आगगाडी ही प्रतिमा आहे. बाई म्हणाल्या, “मग फलाट चार का?”

त्यानंतर त्यांनी आतला मजकूर घेतला आणि पेन्सिल चालवली. ‘सर्व संगणकांवर’ याला हरकत: सर्व नाही, तीन. ‘क्षणार्धात’ याला हरकत: अकरा सेकंद लागतात. ‘जगातील सर्वोत्तम’ याला हरकत: कोणी मोजलं? उद्गारचिन्हांनाही हरकत, प्रत्येकी वेगळी. मी मनातल्या मनात त्यांचं नाव हरकतबाई ठेवलं. बाहेर पडताना मास्तरांनी पाठीवर हात ठेवला. “वाईट वाटून घेऊ नका. त्या माझ्या लग्नपत्रिकेतही ‘अगत्य’ शब्दावर अडल्या होत्या.”

१० जानेवारी, शनिवार

ओपन सोर्स म्हणजे काय ते तीन वेळा वाचलं. प्रोग्रॅमची घडण उघडी ठेवलेली असते, कुणीही बघावी, बदलावी, पुढे द्यावी. पण हे शिंप्याला सांगायचं कसं? जेवताना कुरकुरलो.

“त्यात काय,” बायको म्हणाली. “नुसता शिवलेला शर्ट दिला तर तो फक्त घालता येतो. शर्टाबरोबर कटिंगचा कागदपण दिला, की ज्याला हवं तो कॉलर बदलेल, खिसा लावेल, दुसऱ्यालाही शिवून देईल.”

ठीक आहे. घरगुती आहे, पण वाईट नाही.

१२ जानेवारी, सोमवार

आज बैठकीत मला एक झकास उपमा सुचली. नुसता शर्ट द्यायचा की शर्टाबरोबर कटिंगही द्यायचं! हरकतबाईंनी पहिल्यांदाच पेन्सिल खाली ठेवली. “हे बरोबर आहे,” म्हणाल्या. मास्तर माझ्याकडे बघून हसले. “ओळखीचं वाटतंय,” म्हणाले. चांगल्या उपमेचं हेच असतं, ऐकणाऱ्याला ती आपलीच वाटते.

१४ जानेवारी, बुधवार

बायकोने माझं माप घेतलं. म्हणाली, “पत्रक लिहिताय, तर त्या प्रोग्रॅमवर बेतलेला एक शर्ट अंगात घालून बघा.” विचार चांगला आहे. ती लगेच माझ्या विंडोजवाल्या लॅपटॉपवर बसली, सराईतपणे मापं भरली आणि चौदा पानं छापून घेतली. मी विचारलं, तुला हे येतं कसं? “बघून बघून,” म्हणाली. तिच्याकडे मुलीच्या कॉलेजच्या दिवसांतला एक जुनाट कॉम्प्युटर आहे, शिवणाच्या टेबलाखाली. त्यावर कुणीतरी लिनक्स घालून दिलंय म्हणे. बायका कुठून कुठून काय काय करून घेतात.

१७ जानेवारी, शनिवार

शर्ट तयार. निळा, बारीक रेघांचा. घातला. म्हणजे घालायचा प्रयत्न केला. खांद्यात आवळतोय, आणि पोटावरचं बटण लावून श्वास घेतला तर ते सुटून थेट इस्त्रीच्या टेबलाखाली गेलं.

बायको कमरेवर हात ठेवून माझ्याभोवती एक फेरी मारून आली. “हा तुमच्या लॅपटॉपवरून छापलेला, नाही का?” म्हणाली आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं.

असा विषय बदलून तिने माझं मन राखलं, हे मला समजलं. साडेचार महिने घरात बसून दुसरं काय होणार. उद्यापासून रोज सकाळी चार किलोमीटर चालायचं. बिस्किटं बंद.

२० जानेवारी, मंगळवार

चाललो. पाय दुखतात. बिस्किटांचा डबा बायकोने जागचा हलवलेला नाही, हे मला जरा निष्ठुर वाटतं.

समोरच्या वकीलबाईंकडे ती रोज कागदांच्या गुंडाळ्या घेऊन जाते. विचारलं तर म्हणाली, “त्यांच्याकडे मॅक आहे.” शेजाऱ्यांच्या वस्तूंवर लक्ष ठेवण्याचा तिचा स्वभाव नव्हता.

२२ जानेवारी, गुरुवार

आनंदाची बातमी! बायकोने दुसरा शर्ट शिवला, त्याच मापाचा, पांढरा. घातला तर सैल! कॉलरमध्ये दोन बोटं सहज जातात, खांदे ओघळतात, पोटापाशी तर दुसरा माणूस मावेल. चार दिवसांत! चालण्याला एवढं फळ येत असेल तर लोक औषधं कशाला घेतात?

बायकोने पुन्हा फेरी मारली, पुन्हा वहीत टिपलं, आणि कपाळाला आठी घातली. “हे काही बरोबर नाही,” म्हणाली.

तिला काळजी वाटणं साहजिक आहे. इतक्या झपाट्याने वजन उतरलं की बायकांना आजाराची शंका येते. मी समजावलं की मला एकदम ठणठणीत वाटतंय. ती दाराची कडी काढून वकीलबाईंकडे गेली. मी चार बिस्किटं खाल्ली.

२३ जानेवारी, शुक्रवार

ओळ सापडली. सैल शर्ट घालूनच बैठकीला गेलो होतो, त्याचाही परिणाम असेल. जिना चढतानाच सुचली:

प्लॅटफॉर्म तीन, माप एकच!

मास्तर टाळी देत म्हणाले, “झालं! हेच!” हरकतबाईंनी ओळ दोनदा वाचली. उद्गारचिन्ह एकच असल्यामुळे त्यांना पकडायला काही सापडेना.

“तिन्हीवर चालतं, हे मी तपासलंय,” त्या म्हणाल्या. “पण तिन्हीवरून छापून, टेप लावून मोजलंय का?”

“वहिनी मोजताहेत की,” मास्तर म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “छापायला देण्याआधी तेवढं वहिनींना विचारा. त्यांचं हो आलं की द्या.”

घरच्या माणसाला मान देण्याची मास्तरांची पद्धत मला आवडली. मी हो म्हटलं.

२५ जानेवारी, रविवार

जरा बेबनाव झाला. तो नीट लिहून ठेवतो.

दुपारी बायकोला ओळ वाचून दाखवली. ती शिवणावरून उठली. “अहो, हे इतक्यात छापायला देऊ नका,” म्हणाली. “मापात घोळ आहे. एकदा घट्ट, एकदा सैल. मी आजच मास्तरांना सांगते.”

मी उडालोच. “मास्तरांना? माझ्या मापाची चर्चा मास्तरांपुढे कशाला?”

“सांगायला नको?”

“अजिबात नको! घट्ट होतं तेव्हा होतं. आता मी मेहनत घेतलीय. माणसाचं माप बदलतं. त्याचा पत्रकाशी काय संबंध?”

“तुमचं माप?” बायको म्हणाली. “अहो, तुमचं कुठे, मी म्हणतेय ते छापलेलं…”

तेवढ्यात बेल वाजली. फ्रॉकवाल्या बाई आल्या, त्यांच्यामागून त्यांची दोन मुलं, आणि मुलांना फ्रॉकपेक्षा आमची टेप जास्त आवडली. तासाभराने त्या गेल्या तेव्हा मी चालायला बाहेर पडलो होतो. रागाने चाललो तर सहा किलोमीटर होतात.

२६ जानेवारी, सोमवार

पत्रक छापखान्यात दिलं. मालक जुने ओळखीचे, सुट्टी असूनही त्यांनी शटर उघडलं; माझ्या पंपांची सगळी पत्रकं त्यांनीच छापली आहेत. त्यांनी नमुना पुढे केला. “नीट बघून सही करा. सहीनंतर चूक तुमची.” तीन हजार प्रती. मी ऐटीत सही ठोकली. बायकोच्या होकाराचं राहिलं. पण ती कालपासून माझ्याशी मोजकंच बोलतेय, आणि अशा वेळी हो विचारलं तर नाहीच येतं.

२९ जानेवारी, गुरुवार

क्रमाने लिहितो.

सकाळी दहाला टेम्पोतून गठ्ठे आले. सहा गठ्ठे, करकरीत, शाईचा वास. एक फोडून पत्रक बायकोच्या हातात ठेवलं. तिने ओळ वाचली आणि मशीनपुढच्या स्टुलावर बसली.

“छापलं?” म्हणाली.

“तीन हजार.”

ती उठली, आतून तीन शर्ट आणले आणि दिवाणावर ओळीने पसरले. निळा, पांढरा आणि एक राखाडी, जो मी पाहिलाच नव्हता. “हा घाला,” म्हणाली. राखाडी घातला. तो असा बसला की जणू अंगावरच शिवला असावा.

“निळा तुमच्या लॅपटॉपवरून छापलेल्या कागदांवर बेतला. पांढरा वकीलबाईंच्या कॉम्प्युटरवरून. हा राखाडी माझ्या जुन्यावरून. माप तिन्हीला एकच दिलं होतं. अहो, तुम्ही बारीकही झाला नाहीत आणि जाडही. आहात तेवढेच आहात.”

मी दिवाणावर बसलो. मग तिने वही दाखवली. प्रत्येक कॉम्प्युटर कागदाचा आकार आपापल्या परीने धरतो. कुठे पानात मावावं म्हणून चित्र जरासं आखडतं, कुठे जरासं फुगतं. पानावर दिसतही नाही, पण चौदा पानं जोडली की अख्खा माणूस बदलतो. चूक कुठल्याच कॉम्प्युटरची नाही. छापताना हे तपासायला हवं होतं ते आपल्या ‘बेतणी’ने, आणि ती तपासत नव्हती. हे सगळं तिने रविवारीच हरकतबाईंना कळवलं होतं. त्या तेव्हापासून दुरुस्तीला बसल्या आहेत. पत्रक थांबलंय असंच दोघी धरून चालल्या होत्या.

मी म्हणालो, “दुरुस्त होतंय ना? मग वाटून टाकू. प्रदर्शनात कोण टेप घेऊन मोजत बसणार आहे?”

“शिंपी,” बायको म्हणाली.

३० जानेवारी, शुक्रवार

तंत्रनिकेतनाचा जिना आज फार उंच वाटला. बायकोही बरोबर आली. मी वाटेत वाक्य तयार केलं होतं: ‘समन्वयाच्या अभावी काही बाबी निदर्शनास आल्या नाहीत.’ खोलीत गेल्यावर ते तोंडातून निघेना. म्हणालो, “मास्तर, तुम्ही हिला विचारायला सांगितलं होतं. मी विचारलं नाही. पत्रकं छापून आलीत.”

मास्तर खुर्चीत मागे रेलले. हरकतबाईंनी पेन्सिल उचलली, पण हरकत घ्यायला आता काही उरलंच नव्हतं, म्हणून परत ठेवली.

“ही वाटायची नाहीत,” त्या म्हणाल्या. “छपाईतला दोष मी रविवारपर्यंत काढते. पण प्रत्येकाच्या घरी कुठला प्रिंटर आहे, त्याने तो कसा लावलाय, याची हमी मी देऊ शकत नाही. ‘एकच’ म्हणून छापलं आणि एकाचंही कापड वाया गेलं, तर तो पुन्हा आपल्याकडे बघणार नाही. बघूही नये.”

मी म्हटलं, “रद्दीत घालू. परत नवीन लिहून देतो. हे काम माझ्याकडेच ठेवा असंही म्हणणार नाही.” साडेचार महिन्यांनी मिळालेलं पहिलं काम, आणि ते मी माझ्या पोटाच्या अभिमानापायी घालवलं.

“तुमचं काम काढून घ्यायचा प्रश्नच नाही,” मास्तर म्हणाले. “तुम्हाला बोलावलं तेच मुळी वहिनींमुळे. त्या जुलैपासून ‘बेतणी’ तपासून…”

“थांबा, मास्तर,” बायको मध्येच म्हणाली. “आधी हे निस्तरू.” तिने पत्रक उलटं केलं. मागच्या पानावर तळाशी मी मुद्दाम चार बोटं जागा मोकळी सोडली होती, डोळ्याला विसावा म्हणून. “इथे काही नाहीये. इथे एक चौकोन छापता येईल? बरोबर पाच सेंटिमीटरचा. आणि तसाच चौकोन प्रोग्रॅमने प्रत्येक कटिंगच्या पहिल्या पानावर छापायचा. शिंप्याने आधी चौकोनाला टेप लावायची. पाच भरला तर पुढची पानं छापायची. नाही भरला तर कात्रीला हात लावायचा नाही. मग कॉम्प्युटर कुठला का असेना.”

हरकतबाईंनी त्या मोकळ्या जागेत पेन्सिलीने चौकोन आखला. “हे मला सुचायला हवं होतं,” म्हणाल्या.

“आणि या ओळीचं काय?” मास्तरांनी विचारलं. “‘माप एकच’?”

“ती राहू दे,” बायको म्हणाली. “खाली फक्त लिहा, मोजून बघा.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. जाहिरातीत गिऱ्हाइकाला स्वतःहून शंका घ्यायला सांगायची? तेवीस वर्षांत मी एकाही पंपाबद्दल ‘चालतो का बघा’ असं लिहिलेलं नाही. पण मी मान हलवली. एक सूचना मात्र केली की ‘बघा’नंतर पूर्णविराम असावा. ती एकमताने मान्य झाली.

४ फेब्रुवारी, बुधवार

छापखान्यात दिवसभर. तीन हजार पत्रकं पुन्हा यंत्रातून काढायची, एका बाजूला दोन शब्द, दुसऱ्या बाजूला चौकोन. मालक म्हणाले, “सहीनंतर चूक तुमची, असं मी म्हटलं होतं.” मी म्हटलं, “म्हणूनच आलोय.” त्यावर त्यांनी स्टूल पुढे सरकवलं आणि चहा सांगितला. पंपांच्या काळात ते मला चहा विचारत नसत.

बायको टेप घेऊन उभी. पहिला चौकोन रेघेच्या जाडीएवढा कमी भरला. मालक म्हणाले, डोळ्याला कळत नाही. बायको म्हणाली, टेपला कळतं. ठसा नव्याने करावा लागला. दुसरा बरोबर भरला. मग दर शंभर पत्रकांमागे एक मोजायचं काम माझ्याकडे आलं. तीस चौकोन मोजले. एकदा तर माझं नखही मोजलं, उगाच.

हरकतबाईंची दुरुस्तीही आली. लॅपटॉप, वकीलबाई आणि टेबलाखालचा जुनाट, तिन्हींवरून छापलं. पाच, पाच, पाच.

७ फेब्रुवारी, शनिवार

प्रदर्शन. मोठा हॉल, मशीनवाल्यांचे स्टॉल, बटणवाल्यांचे स्टॉल, आणि एका कोपऱ्यात आम्ही: तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि मागे दोरीवर टांगलेले माझे तीन शर्ट. निळ्यावर आणि पांढऱ्यावर हरकतबाईंनी चिठ्ठी लावली होती, ‘दुरुस्तीपूर्वी’. राखाडी माझ्या अंगात हवा होता, पण तोही टांगला. मी बाहेरून शिवून घेतलेला जुना शर्ट घालून पत्रकं वाटत होतो.

पहिला तास शांत. लोक पत्रक घेत, घडी करत, पुढे जात. अकराच्या सुमाराला शिंप्यांच्या संघटनेचे अध्यक्ष आले. सत्तरीचे, गळ्यात टेप, मागे सातआठ माणसं. त्यांनी ओळ मोठ्याने वाचली. “प्लॅटफॉर्म तीन, माप एकच. वा! म्हणायला काय जातं?” मागची माणसं हसली. मग त्यांना खालचे दोन शब्द दिसले. “मोजून बघा,” त्यांनी वाचलं आणि चष्मा वर केला. “अस्सं?”

त्यांनी गळ्यातली टेप काढली, पत्रक उलटं करून टेबलावर सपाट केलं, चौकोनाला टेप लावली. वाकून बघितलं.

“कमी आहे,” म्हणाले. “दोराभर कमी आहे.”

हरकतबाईंचा चेहरा पांढरा पडला. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मला छापखान्यातले तीस चौकोन डोळ्यांसमोर दिसले. हॉलमध्ये गर्दी असली की बातमी पसरायला वेळ लागत नाही, बाजूच्या बटणवाल्या स्टॉलवरचे लोकही सरकून जवळ आले.

“काका, जरा टेप बघू?” बायको म्हणाली. तिने त्यांची टेप आपल्या टेपेशेजारी टेबलावर ठेवली, दोन्हींची पितळी टोकं जुळवली आणि हळूहळू हात पुढे नेला. वीसपर्यंत आकडे जरा हलले. चाळीसला उघड दिसायला लागलं. शंभरला अध्यक्षांची टेप बोटभर पुढे गेली होती.

“किती वर्षं झाली या टेपला?”

“अठरा,” अध्यक्ष म्हणाले. आवाज एकदम उतरला होता.

“ताणली गेलीय, काका. कापडीच ती. गळ्यात घालून घालून, ओढून ओढून ताणते. माझीही एक ताणली होती.”

अध्यक्षांनी टेपेची घडी घातली, खिशात ठेवली. मागे उभ्या असलेल्या त्यांच्या माणसाची टेप मागून घेतली आणि पुन्हा चौकोनाला लावली. “भरला,” म्हणाले. मग आमच्या तिन्ही कॉम्प्युटरवरून स्वतःसमोर छापून घेतलं, तिन्ही मोजले आणि तीनदा “भरला” म्हणाले. जाताना पत्रकं मागितली, दहा.

त्यानंतर जे झालं ते मी पंपांच्या काळात कधी पाहिलं नाही. अख्खा हॉल आमच्याकडे आला. प्रत्येकाला आपापली टेप चौकोनाला लावून बघायची होती. कुणी हुश्श म्हणत होतं, कुणी एकमेकांना टेपा दाखवून हसत होतं, एका बाईंनी तर आपल्या टेपेचे तिथेच दोन तुकडे करून टाकले. शिवणक्लासवाल्या बाई म्हणाल्या, “चाळीस द्या, सगळ्या मुलींना भिंतीवर चिकटवायला लावते.” मी म्हटलं, आतला मजकूरही वाचा हं. “वाचू की,” त्या म्हणाल्या, “आधी चौकोन.”

अडीच वाजेपर्यंत पत्रकं संपली. उपमेसह, शर्टासह, पूर्णविरामासह. माझा मजकूर किती जणांनी वाचला ते सांगता येणार नाही. पण बायकोभोवती सहा वाजेपर्यंत घोळका होता. ती मापं भरून दाखवत होती, बाही जोडायच्या मुंढ्याचा गोल कसा घ्यायचा ते सांगत होती, आणि हरकतबाई शेजारी बसून तिची प्रत्येक सूचना लिहून घेत होत्या, एकाही हरकतीशिवाय.

एका गृहस्थांनी मला विचारलं, “यात तुमचं काम काय?”

मी दोरीवरच्या शर्टांकडे बोट दाखवलं. म्हटलं, “माप माझं.”

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मास्तरांचा फोन आला. प्रदर्शनानंतर एकशे बारा शिंप्यांनी ‘बेतणी’ इंटरनेटवरून उतरवून घेतली. प्रोग्रॅम घडवणाऱ्यांच्या यादीत आता बायकोचंही नाव आहे, हरकतबाईंच्या खालोखाल. आणि दुसरं पत्रक हवंय, खास शिवणक्लाससाठी. ते मीच लिहायचं.

सकाळी बसून पहिलं वाक्य लिहिलं. उद्गारचिन्ह नाही. बराच वेळ बघत बसलो, मग कागद घेऊन बाहेरच्या खोलीत गेलो आणि बायकोपुढे धरला. तिने पायडल थांबवलं, चष्मा लावला, वाचलं. एक शब्द खोडला. पुन्हा वाचलं.

“चांगलं लिहिता की तुम्ही,” म्हणाली.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. माझं लिहिलेलं तिने वाचल्याची ही पहिलीच वेळ. किंवा मी तिला वाचायला दिल्याची. नक्की कोणतं, ते तिला विचारायला हवं.